पूल, फेरीबोट आणि 'ॲक्ट' : भीतीशी न भांडण्याची थेरपी

मांडवीकाठ (धागाकर्ती)

'चिंतेवर घरगुती उपाय' या धाग्यावर मी एक ओळ टाकली होती, 'मला ॲक्टचा फायदा झाला' अशी. त्यावर पाच-सहा जणांचे व्यनि (खाजगी निरोप) आले. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते. मी मानसशास्त्रातली नाही, हिशेबनीस आहे. चूक दिसली तर सांगा.

राहते पर्वरीला, नोकरी पणजीत, मधे मांडवी. स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटं. दोन वर्षांपूर्वी चवथ संपून आठवडा झाला असेल, पुलाच्या मधोमध वाहतूक तुंबली होती. शेजारून भरलेला ट्रक गेला आणि पूल थरथरला. पूल थरथरतातच, हे मला ठाऊक आहे. पण छातीत धडधडायला लागलं, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना आणि डोक्यात एकच वाक्य: हा आता कोसळणार. स्कूटर कशी पलीकडे नेली ते आठवत नाही. ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." जसं काही मी ते शुक्रवारच्या बाजारातून पिशवी भरून आणत होते.

दुसऱ्या दिवसापासून बेतीची फेरीबोट धरली. घरी सांगितलं, ट्रॅफिकचा वैताग येतो. फेरीबोट असतेही छान, वारा असतो, ओळखीचे चेहरे असतात. त्यामुळे आपण काही टाळतोय हे माझं मलाच कळलं नाही. पुढे पणजीतली रात्रीची नाटकं बंद झाली. माहेर माशेलला, म्हणजे मांडवी ओलांडून वर बाणस्तारीचाही पूल. आईला म्हणायचे, तूच ये गं. चौदा महिने असे गेले. एक दिवस कला अकादमीत मुलीचं तबलावादन होतं. फेरीला रांग, मी पोचले तेव्हा तिचं वाजवून झालं होतं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तोवर मी स्वतःला समजावत होतेच. रोज हजारो गाड्या जातात, इंजिनियर मूर्ख आहेत का, वगैरे. पण आमच्या मांडवीवर ही युक्ती चालत नाही. ५ जुलै १९८६ ला इथला नेहरू पूल खरोखर कोसळलाय. तेव्हा मी दोन वर्षांची होते. बाबा नंतर कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगायचे. त्यामुळे मी 'शक्यता किती कमी' म्हटलं की मन म्हणायचं, 'एकदा पडलाय ना?' माझं मन फार हुशार वकील आहे. वाद घालायला गेलं की तारीख पे तारीख.

शेवटी पणजीत एका समुपदेशक बाईंकडे गेले. फेरीनेच गेले. पहिल्या सत्रात त्यांनी समजूत घातली नाही. कागदावर दोन रकाने आखायला लावले. एकीकडे लिहा, ही भीती जावी म्हणून आजवर काय काय केलंत. दुसरीकडे, त्यापायी काय गेलं. पहिल्यात फेरीबोट, हेडफोन, मनातल्या मनात रामरक्षा, थंड पाणी, 'विचारच करायचा नाही' असा निश्चय. दुसऱ्यात आई, नाटक, झोप, आणि मुलगी. पहिल्या रकान्यात चूक काहीच नव्हतं. दुसरा वाचून मात्र रडू आलं.

मग त्यांनी या पद्धतीची ओळख करून दिली. नाव 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी'. संक्षेप ए-सी-टी असा सुटा वाचायचा नाही, 'ॲक्ट' असाच म्हणायचा, कारण शेवटी गाडी कृतीवर येते. १९८० च्या दशकात ती आकाराला आली. अमेरिकेतल्या रीनोच्या नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज हे तिचे मुख्य प्रवर्तक. त्यांना स्वतःला १९७८ मध्ये विभागाच्या बैठकीत पॅनिकचा पहिला झटका आला होता. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. सगळ्या प्राध्यापकांसमोर तोंड उघडायचं आणि आवाजच फुटायचा नाही, ही फजिती त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

मूळ म्हणणं सोपं वाटतं आणि पचायला जड जातं. मनाबाहेरच्या गोष्टींना 'नको असेल तर काढून टाका' हा नियम चालतो. ढेकूण झाले, औषध मारा. गळतंय, कौल बदला. मनाच्या आत तो चालत नाही, बऱ्याचदा उलटतो. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग बहुतेकांनी ऐकला असेल: पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे विचार करायची मुभा दिल्यावर, आधी दाबायला सांगितलेल्यांच्या मनात अस्वल जास्तच आलं. माझा पूल तसाच होता. न ओलांडताही दिवसातून चाळीस वेळा मी त्याच्यावर असायचे.

मग करायचं काय? भीती शरीरात कुठे आहे ते बघायचं आणि तिला तिथे राहू द्यायचं. आवडली म्हणून नाही, ढकलण्यात आयुष्य जातंय म्हणून. आणि ती असतानाच, आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेने एक पाऊल टाकायचं. पुस्तकांत याचे सहा पदर सांगतात: स्वीकार, विचारांपासून सुटं होणं, आत्ताच्या क्षणात असणं, 'हे सगळं पाहणारी मी' वेगळी आहे ही जाणीव, मूल्यं, आणि मूल्यांना धरून कृती. सगळे मिळून मनाची लवचिकता. मला त्यातले दोन-तीनच नीट जमले. चौथा तर अजून डोक्यावरून जातो.

जमलेल्यांतला एक सांगते. 'पूल कोसळणार' याऐवजी पूर्ण वाक्य म्हणायचं: 'पूल कोसळणार, असा विचार मला आत्ता येतोय.' ऐकायला पोरकट वाटतं. पण पहिलं वाक्य पुलाबद्दल आहे आणि दुसरं माझ्याबद्दल. दुसरा खेळ त्याहून पोरकट: 'कोसळणार' हा शब्द अर्धा-पाऊण मिनिट भराभर मोठ्याने म्हणत राहायचं. थोड्या वेळाने तो नुसता 'सळणारको सळणारको' असा आवाज उरतो. एकच शब्द घोकत राहिलं की अर्थ गळून पडतो, हे टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी शंभरेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. त्यांचा शब्द 'घर' होता, ॲक्टवाले 'दूध' घेतात. मी हे बाथरूममध्ये केलं, नवऱ्याने दार वाजवलं.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देईन.

दादरचा कबुतर

गोव्यात राहून टेन्शन? तुम्ही लोक तर जन्मजात सुशेगाद. तुम्हाला कसली थेरपी, समुद्रावर जाऊन बसायचं की झालं! (हलके घ्या.)

मांडवीकाठ

कबुतरराव, हलकं घेतलं. पण समुद्रावर तुम्ही बसता, सुट्टीत. आम्ही तुमच्या गाड्यांमागे पुलावर अडकतो.

विवेकी ठाणेकर

छान लिहिलंय ताई. पण एक हरकत. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून हेच मांडलं. त्यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात कित्येकांना ठाऊक आहे. घटना त्रास देत नाही, तिच्याबद्दलची आपली हटवादी धारणा त्रास देते. तुमचा अविवेकी विचार 'पूल कोसळेल' हा नव्हताच. तो होता, 'पूल कोसळणार नाही याची मला खात्री मिळालीच पाहिजे'. तो 'च' उपटला असता तर वकील गप्प बसला असता. शिवाय स्वतःचा, इतरांचा आणि आयुष्याचा विनाअट स्वीकार हा एलिस यांच्याकडेही आहेच. मग नवीन काय, जुनी दारू नवी बाटली?

मांडवीकाठ

दादा, तो 'च' मलाही सापडला होता! सापडून काही दिवस बरं वाटलं. मग मन म्हणायला लागलं, 'तू च काढलास, पण खरंच काढलास का?' मी विचार तपासण्यातच दिवस घालवणारी बाई आहे. व्यवसायच ताळेबंद जुळवण्याचा. मला तपासायला आणखी एक वही मिळाली, एवढंच झालं. ज्यांना वाद घालून मोकळं होता येतं त्यांनी जरूर घालावा.

खाजनातला खेकडा

ठाणेकरांच्या प्रश्नाला थोडं कोरडं उत्तर देतो, मी या क्षेत्रात काम करतो. फरक आहे तो विचाराचं काय करायचं यात. एलिस आणि ॲरन बेक यांच्या परंपरेत, म्हणजे सीबीटीत (विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचारांत), विचाराचा मजकूर तपासतात: खरा आहे का, पुरावा काय, दुसरा विचार कोणता. ॲक्टमध्ये मजकुराला हात लावायचा नाही, त्याच्याशी असलेलं नातं बदलायचं. 'खरं आहे का?' ऐवजी 'याच्या मागे गेले तर मी कुठे पोचेन?' असं विचारायचं. विचार शंभर टक्के खरा असला तरी हे चालतं. म्हणून कर्करोगाचा रुग्ण किंवा जुनाट दुखण्याचा माणूस, ज्याचं दुःख अविवेकी नाहीच, त्याच्यासाठी ही वाट सोयीची पडते. जुनाट वेदनांसाठी ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाईस' संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ॲक्ट आणि सीबीटी दोन्ही सुचवल्या आहेत.

श्रेष्ठ कोण म्हणाल तर भांडण्यासारखं काही नाही. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात ३९ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. नुसत्या प्रतीक्षायादीपेक्षा किंवा नेहमीच्या उपचारांपेक्षा ॲक्ट सरस ठरली, सीबीटीशी तुलनेत ठळक फरक दिसला नाही. आमच्या धंद्यातले काही लोक ही गोष्ट जरा हळू आवाजात सांगतात.

सुगंधा_पुणे

हे तर सगळं आपल्याकडे आहेच. साक्षीभाव, स्थितप्रज्ञ, विपश्यना. पश्चिमेने उचललं आणि आपल्यालाच विकलं.

खाजनातला खेकडा

सुगंधाताई, साम्य आहे, नाकारत नाही. जपानातही शोमा मोरिता यांनी शंभर वर्षांपूर्वी 'आहे तसं असू द्या आणि हातातलं काम करा' अशी उपचारपद्धती उभी केली होती, तीही झेनच्या शेजारची. पण हेज यांचा रस्ता वर्तनवादातून आला. भाषा माणसाला कशी अडकवते या प्रश्नावर त्यांची सगळी प्रयोगशाळा उभी आहे. आणि ध्यानाला बसलंच पाहिजे अशी अट इथे नाही. माझे अर्धे लोक भात लावताना किंवा मासळी साफ करताना सराव करतात.

माहेरवाशीण

मला एक विचारायचंय, राग मानू नका. स्वीकार, स्वीकार म्हणताय. आम्ही बायका दुसरं काय करत आलो? सासूचं बोलणं स्वीकारा, नवऱ्याचं पिणं स्वीकारा. माझ्या आईने तेच केलं आणि ती खंगून गेली. आता हे शिकायला पैसे पण द्यायचे?

मांडवीकाठ

माहेरवाशीण, हाच प्रश्न मी बाईंना विचारला होता, जवळपास याच शब्दांत. त्यांनी दोन शब्द समोर ठेवले: सोसणं आणि स्वीकारणं. सोसताना दात आवळलेले असतात आणि माणूस जागचा हलत नाही. ॲक्टमधला स्वीकार फक्त चामडीच्या आतल्या गोष्टींचा, म्हणजे भीती, लाज, रडू, आठवण, धडधड यांचा. बाहेर कोणी हात उगारत असेल तर तो स्वीकारायचा नाही. उलट, तिथून निघताना जी भीती आणि अपराधीपणा वाटतो, त्याला जागा द्यायची आणि निघायचं. तुमच्या आईंनी परिस्थिती स्वीकारली आणि स्वतःचा राग नाकारला. बरोब्बर उलटं झालं.

सुगंधा_पुणे

हे पटलं. मला वाटतं मराठीत 'स्वीकार' हा शब्दच चुकतोय. त्यात हार घालून स्वागत केल्याचा किंवा राजीनामा स्वीकारल्याचा वास येतो. 'पत्करणं' कसं वाटतं? धोका पत्करणं म्हणतो आपण. त्यात निवड आहे.

दादरचा कबुतर

शरणागतीही पत्करतात, ताई.

माहेरवाशीण

आमच्याकडे 'असू दे' म्हणतात. पोर रडत असलं, कुकर शिट्टी देत असला, तरी 'असू दे गं, तू ये बस.'

मांडवीकाठ

'असू दे' फार आवडलं. 'असो' मात्र नको. 'असो' म्हणजे विषय बंद. मी चौदा महिने 'असो'च म्हणत होते.

टिप्परवाला_डिचोली

मी जास्त लिहीत नाही, वाचतो. पण आज लिहितो. आमचे दोन टिप्पर खाणीवर होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या, एक विकला. मधे परत चालू, मी परत कर्ज काढलं. २०१८ ला परत बंद. तो टिप्पर अंगणात उभा राहिला, टायर खाली बसले. बापाच्या काजूच्या बागेचा तुकडा विकावा लागला. आता दुसरा धंदा आहे, पोट भरतं. पण रात्री दोनला जाग येते आणि मनात येतं, बापाची जमीन तुझ्यापायी गेली. हा विचार नाही, हे खरंच आहे. बँकेची पाकिटं येतात ती मी फ्रिजवर ठेवतो, उघडत नाही. आता सांगा, स्वीकार करून हप्ता फिटतो काय?

खाजनातला खेकडा

नाही फिटत. आणि तसं कोणी सांगितलं तर त्याच्यापासून लांब राहा.

दोन गोष्टी वेगळ्या करू. जमीन गेली हे खरं. 'तुझ्यापायी' हे मनाचं भाष्य. त्यावर वाद घालू म्हटलं तर खाण, कोर्ट, सरकार, सगळं काढता येईल, रात्री दोनला ते आणखी चारपर्यंत चालेल. ते सोडू. प्रश्न फ्रिजवरच्या पाकिटांचा आहे. पाकीट उघडलं की पोटात जे कालवतं ते नको म्हणून ती तिथे आहेत. कर्जापेक्षा त्या कालवण्यापासून तुम्ही पळताय. करून बघा: एकच पाकीट, दिवसाउजेडी, शेजारी बायको किंवा मित्र. उघडायच्या आधी पोटातलं काय ते नीट बघा: गोळा आहे, गरम आहे, वर चढतंय. ते तसंच असू दे आणि कात्री चालवा. त्या दिवशी बाकी काही करायचं नाही.

आणि झोप महिनोन् महिने अशीच मोडत असेल, जेवण जात नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर आधी डॉक्टर. हे सगळं त्याच्यानंतर.

टिप्परवाला_डिचोली

बायकोला पाकिटांचं ठाऊक नाही. बघतो.

निवृत्त_सिस्टर (सत्तरी)

टिप्परवाल्या भावा, तुझ्यासारखे कितीतरी जण मी आरोग्यकेंद्रात बघितले. कोणी 'मन दुखतं' म्हणत नाही. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, भूक नाही. गोळ्या नेतात, परत येतात.

तुला एक सांगते, लांबचं नाही, गोव्यातलंच आहे. 'संगाथ' या संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत उदासीनतेच्या रुग्णांवर अभ्यास केला, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ ला छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते. गावातली साधी शिकलेली माणसं, प्रशिक्षण दिलेली. सहा ते आठ बैठका. त्यात मुख्य काय, तर मनाला बरं वाटायची वाट न बघता बारीक-सारीक कामं परत सुरू करायची. शेजारणीकडे जाणं, बागेत पाणी घालणं, अडलेला प्रश्न सोडवणं. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्या रुग्णांतले ६४ टक्के उदासीनतेतून बाहेर होते, ज्यांना नुसती केंद्रातली नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात ३९ टक्के. ती ॲक्ट नव्हे, तिचं नाव वर्तन-सक्रियता. पण मांडवीकाठबाई लिहितात त्या 'कृती'ची ती सख्खी बहीण. आधी पाय हलव, मन मागून येतं. यायचं असेल तेव्हा.

विवेकी ठाणेकर

सिस्टर, ही माहिती नवीन होती. धन्यवाद.

मडकईचा भाचा

धागा गोव्याचा आणि आबे फारियाचं नाव नाही? मांडवीकाठ, तुमच्या फेरीधक्क्याजवळच, जुन्या सचिवालयाशेजारी तो पुतळा आहे. बाईला मोहनिद्रेत घालणारा पाद्री, हात पसरलेला. १९४५ चा, आमच्या मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. म्हणून माझी कॉलर ताठ.

गोष्ट सगळ्या गोंयकारांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. फारिया मूळचे कांदोळीचे, जन्म १७५६ चा. दंतकथा अशी की लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला उभे राहिले आणि वाचाच बसली. तेव्हा खालून बापाने हळूच कोंकणीत म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि फारियांची जीभ सुटली. पुढे पॅरिसला ते मोहनिद्रेचे प्रयोग करायचे आणि म्हणायचे, इथे कुठला चुंबकी द्रव वगैरे नाही, जे होतं ते त्या माणसाच्या मनातच होतं. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवर पूर्वी मनोरुग्णांचं इस्पितळ होतं, तेही त्यांच्याच नावाचं.

माझा प्रश्न: बापाने केलं ते ॲक्ट की ठाणेकरांची थेरपी?

विवेकी ठाणेकर

उघड आहे. 'हे मोठे लोक आहेत, त्यांच्यासमोर चुकलो तर संपलो' ही धारणा बापाने एका वाक्यात मोडली. धारणाबदल!

खाजनातला खेकडा

मी पूर्वार्ध तुम्हाला देतो, उत्तरार्ध माझा. 'कातर रे' ही आज्ञा कृतीची आहे. भीती गेल्यावर काप, असं बाप म्हणाला नाही.

मांडवीकाठ

मला वाटतं बाप होता, मुलाला वाचवायचं होतं, सुचेल ते बोलला. पण राणीला भाजी म्हटल्यावर प्रत्येक वेळी भाजी आठवावी लागणार. मी पुलावर समोरच्या गाड्यांना टरबुजं समजून पाहिलं होतं, खरंच. तिसऱ्या दिवशी टरबुजांचीही भीती वाटायला लागली.

ओपीडी_बाहेरचा_बाक

सगळं वाचलं. एक इशारा. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याने कुठेतरी 'आवाजांना असू दे' असलं वाचून गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. फार वाईट दिवस काढले आम्ही. ॲक्ट गोळ्यांऐवजी घेण्याची गोष्ट नाही. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाता येतं. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत. आणि बाकावर माझ्यासारखी माणसं असतात. लाजू नका, आम्ही कोणी कोणाच्या गावात सांगत नाही.

खाजनातला खेकडा

बाकावरच्या मित्राला शंभर टक्के अनुमोदन. मोठा आघात झालेल्यांनीही आठवणींना एकट्याने 'जागा द्यायला' बसू नये, सोबत जाणकार हवा. साध्या ताणासाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेची याच तत्त्वांवरची सचित्र पुस्तिका २०२० पासून फुकट मिळते, सोबत ध्वनिफिती. युगांडात आसरा घेतलेल्या दक्षिण सुदानच्या निर्वासित बायकांबरोबर तो कार्यक्रम आधी तपासला गेला होता. गटात बसून ऐकायचं, चित्रं बघायची. फार अक्षरओळख लागत नाही.

माहेरवाशीण

मांडवीकाठ, मग शेवटी पूल ओलांडला का? ते सांगितलंच नाहीत!

मांडवीकाठ

सांगायचं टाळत होते, कारण गोष्ट तितकी झकास नाही.

आधी मूल्यांचा भाग आला. बाई म्हणाल्या, पूल ओलांडणं हे काही मूल्य नाही, नुसत्या पुलासाठी कोणी इतकं घाबरायचे कष्ट घेणार नाही. पलीकडे काय आहे? मी म्हटलं मुलगी. त्या म्हणाल्या, मुलगी आहे, पण तुम्हाला कशी आई व्हायचंय? बराच वेळ काही सुचेना. मग म्हटलं, वेळेवर पोचणारी. हसू नका, तेवढंच निघालं.

मग पायऱ्या. आधी पर्वरीच्या टोकाला स्कूटर लावून नुसतं पुलाकडे बघत उभं राहायचं. (तिथे उड्डाणपुलाचं काम चाललेलं. एका पुलाला घाबरावं तर डोक्यावर दुसरा येतोय.) मग रविवारी सकाळी नवऱ्याच्या मागे बसून. त्याला तोवर खरं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, 'मला वाटलं तुला फेरीबोटीत कोणी आवडतं.' मग कदंबमधून, म्हणजे सरकारी बसमधून. बाईंनी त्यांच्या पुस्तकातलं बसचं उदाहरण दिलं होतं: तुम्ही ड्रायव्हर, मागे बसलेले आरडाओरडा करणारे प्रवासी म्हणजे तुमचे विचार. ते धमक्या देतात, पण सुकाणू त्यांच्या हातात नाही. मी आमच्या खाजगी बसचा कंडक्टर मनात आणला. विचार दारात आला की 'फाटीं वच, फाटीं वच'. उतरवायचा नाही, भाडं घ्यायचं आणि मागे सरकवायचा.

एकटीने स्कूटरवर गेले तेव्हा भीती होतीच. मधोमध तर भरपूर होती. बाईंनी आधीच सांगितलं होतं, भीती किती कमी झाली याचं मोजमाप ठेवायचं नाही, नाहीतर ते पुन्हा फेरीबोटीसारखंच होतं. घाम पुसत तबल्याच्या क्लासला पोचले, दहा मिनिटं आधी. मुलगी म्हणाली, 'इतक्या लवकर कशाला आलीस?'

मधल्या पावसाळ्यात एकदा परत गळपटले, सलग दोन आठवडे फेरीने गेले. फेरीबोट वाईट नाही हो. आता कधी वाऱ्यासाठी जाते आणि कधी पळून जाते. कुठली कधी ते बहुतेक वेळा मला कळतं.

टिप्परवाला_डिचोली

एक उघडलं. बायको होती सोबत. जुनीच नोटीस निघाली, त्याचे पैसे मी भरलेत गेल्या वर्षी. अजून अकरा आहेत.

निवृत्त_सिस्टर (सत्तरी)

बरें केलें, पुता.

मांडवीकाठ

टिप्परवाले दादा 🙏

आज संध्याकाळी येताना पुलावर वीस मिनिटं अडकले होते. एक बस बंद पडली होती. वकीलसाहेब हजर झाले, १९८६ ची फाइल घेऊन. मी म्हटलं, बसा. मग नवऱ्याचा फोन, येताना उंडे (आमचे गोल पाव) आण. पोचेपर्यंत पोदेर, म्हणजे पाववाला, निघून गेला होता. पर्वरीत सातनंतर उंडे कुठे मिळतात, कोणाला माहीत आहे का?

मडकईचा भाचा

बाजारापाशी तिठ्यावर विचारा, तिथे एकजण सायकल लावून आठपर्यंत असतो. पण पोळ्या (पोई पाव) घ्या, उंडे तोवर वातड होतात.